‘गोल्डिंग’ लिहिलेला प्रत्येक हॉप गोल्डिंगच असतो का?

वाईचा_नंदू (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी मूळचा वाईचा असून गेली दोन वर्षे पुण्यातील एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत साहाय्यक ब्रुअर म्हणून काम करीत आहे. आमच्याकडे इंग्लिश पद्धतीची ‘बिटर’ नावाची कडवट बिअर वर्षातून तीन-चार वेळा केली जाते. माल्ट मॅरिस ऑटर, यीस्ट इंग्लिश, आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी वेलीची सुकी फुले) पहिल्यापासून ईस्ट केंट गोल्डिंग्ज, असा तिचा ठरलेला घाट आहे. या वेळी पुरवठादाराकडे ईस्ट केंट गोल्डिंग्ज शिल्लक नव्हते, म्हणून त्याने ‘स्टायरियन गोल्डिंग’ पाठवले. मी शंका काढली तेव्हा फोनवर त्याने सांगितले की गोल्डिंग ते गोल्डिंगच, हे फक्त दुसऱ्या देशात पिकलेले आहे, वजन तेवढेच घाला आणि निर्धास्त राहा. मी निर्धास्त राहिलो.

आमचा घाणा ५०० लिटरचा असतो. उकळीच्या सुरुवातीला एक किलो हॉप्स आणि शेवटच्या दहा मिनिटांत आणखी अर्धा किलो, हे प्रमाण मी यत्किंचितही बदलले नाही. तरीही आधीच्या घाण्याची आणि या घाण्याची बिअर दोन ग्लासांत शेजारी शेजारी ठेवून प्यायलो, तेव्हा ती एका घरातली वाटेना. आधीच्या बिअरला मधासारखा, थोडा फुलांचा, अंगावर न येणारा वास होता आणि कडवटपणा घोट गिळल्यानंतर हळूहळू जाणवत होता. नव्या बिअरला चहाच्या ओल्या पत्तीसारखा वास येतो, त्यामागून लिंबाच्या सालीची किंचित छटा डोकावते, आणि कडवटपणा तर इतका पातळ आहे की माल्टचा गोडवाच जिभेवर रेंगाळत राहतो. बिअर वाईट नाही, पण ती आमची बिटर नाही.

माझा मुख्य प्रश्न असा की हा फरक केवळ जमिनीचा आणि हवामानाचा आहे, की जातच वेगळी आहे?

दुसरा प्रश्न माझ्या मामांचा आहे. तासगाव तालुक्यात त्यांची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. आयात केलेल्या हॉप्सचा किलोचा भाव मी त्यांना सांगितल्यापासून ते मला विचारीत आहेत की हाही वेलच ना, मग आपल्या मांडवावर का येणार नाही? त्यांना काय उत्तर द्यावे?

तांब्याची_कढई

नंदू, जातच वेगळी आहे. पुरवठादाराने तुम्हाला जाणूनबुजून फसवले असेल असे मला वाटत नाही, कारण या नावाने गेल्या शतकभरात भल्याभल्यांना चकवले आहे.

स्टायरियन गोल्डिंग हा मुळात गोल्डिंग नाहीच. तो इंग्लंडचाच, पण ‘फगल’ नावाच्या दुसऱ्या जुन्या जातीचा हॉप आहे. आजच्या स्लोव्हेनियात साविन्या नदीचे खोरे आहे आणि झालेत्स हे गाव तिथल्या हॉपच्या व्यापाराचे ठिकाण आहे. इंग्लंडहून आणलेली रोपे त्या खोऱ्यात उत्तम रुजली, ती गोल्डिंगची आहेत असे समजून त्यांना स्टायरिया या प्रदेशाच्या नावावरून स्टायरियन गोल्डिंग म्हटले गेले, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी वेल तपासून ती फगल असल्याचे दाखवून दिले तोपर्यंत ते नाव बाजारात इतके पक्के झाले होते की बदलण्याची कुणाची इच्छा उरली नव्हती. फगलपेक्षा गोल्डिंगला नेहमीच जास्त मान आणि जास्त भाव मिळत आला आहे, हेही त्यामागे असावे असे माझे मत.

आता या दोघांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इंग्लिश बिअरचा वास म्हणून आपण जे ओळखतो ते बहुतांशी या दोन वेलींचेच देणे आहे.

गोल्डिंग हा दोघांतला थोरला. इंग्लंडच्या आग्नेय टोकाला असलेल्या केंट परगण्यात ‘कँटरबरी व्हाइटबाइन’ नावाचा जुना हॉप होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस मॉलिंग गावच्या गोल्डिंग आडनावाच्या शेतकऱ्याने त्यातला एक सरस वेल निवडून वाढवला, म्हणून हे नाव पडले. पुढे त्यातून लवकर येणारे, उशिरा येणारे असे अनेक पोटप्रकार निवडले गेले. त्यामुळे गोल्डिंग्ज हे एका वेलीचे नाव नसून एका कुळाचे नाव आहे आणि इंग्रजीत ते अनेकवचनी लिहितात ते उगीच नाही. त्यातही पूर्व केंटमध्ये, म्हणजे फॅव्हरशॅम आणि कँटरबरीच्या पट्ट्यात पिकलेल्या मालालाच ईस्ट केंट गोल्डिंग्ज म्हणता येते. २०१३ साली युरोपीय संघाने या नावाला मूळस्थानाचे संरक्षण दिले. अमेरिकेत पिकलेला गोल्डिंग त्याच कुळातला असू शकतो, परंतु त्याला ईस्ट केंट हे बिरुद लावता येत नाही.

फगलची कथा जास्त रंगतदार आहे, पण तिच्यावर किती विश्वास ठेवावा हा प्रश्नच आहे. केंटमधल्या हॉर्समंडन गावी १८६१ च्या सुमारास आपोआप उगवलेले एक रोप कुणाच्या तरी नजरेस पडले आणि ब्रेंचलीच्या रिचर्ड फगल यांनी १८७५ च्या सुमारास ते बाजारात आणले, असे पिढ्यान् पिढ्या छापले जात आहे. अलीकडे इतिहासकारांनी जुनी कागदपत्रे चाळून या कथेतील तपशिलांवर शंका घेतली आहे. कथा काहीही असो, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील बहुतेक हॉपच्या शेतांत फगलच उभा होता, एवढे नक्की. नंतर व्हर्टिसिलियम बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगाने केंटमध्ये त्याचा बळी घेतला. आज तो मुख्यतः पश्चिमेकडील हेरफर्डशर आणि वूस्टरशर भागांत टिकून आहे.

दोघांची कडवटपणाची बाजू जवळपास सारखीच वाटते. अल्फा आम्लांचे, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या द्रव्यांचे, प्रमाण फगलमध्ये साधारण ३ ते ५.५ टक्के आणि ईस्ट केंट गोल्डिंग्जमध्ये साधारण ४ ते ६.५ टक्के असते. फरक आहे तो तेलांत. फगलच्या तेलात फार्नेसीन नावाचा घटक पाच-सात टक्क्यांपर्यंत आढळतो, तर गोल्डिंगमध्ये तो एक टक्काही नसतो. हा एक घटक सगळा वास ठरवतो असे नाही, पण प्रयोगशाळेत दोघांना वेगळे ओळखण्याची ती सोपी खूण आहे. नाकाला विचाराल तर गोल्डिंग मध, सुकलेली फुले आणि किंचित मसाला यांकडे झुकतो, तर फगल पहिल्या पावसानंतरच्या ओल्या मातीकडे, लाकडाकडे आणि चहाकडे. तुम्हाला ओल्या पत्तीचा वास आला तो मला अपेक्षितच होता.

मात्र लिंबाच्या सालीचा उलगडा मला होत नाही. फगलला असा वास सहसा नसतो. पाकीट अजून जपून ठेवले असेल तर त्यावरचा सगळा मजकूर, बारीक अक्षरांसकट, इथे लिहा. अल्फाचा आकडाही द्या.

हळद_गल्ली

मी बिअर पीत नाही, पण तांब्याची_कढई यांचा प्रतिसाद वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. आमचे घराणे सांगलीत तीन पिढ्या हळदीच्या अडतीत आहे. इथल्या शेतकऱ्याला ‘कोणती हळद लावली?’ असे विचारले तर तो ‘सेलम’ म्हणतो. सेलम हे तमिळनाडूतले गाव आहे. पण ते बेणे इकडे येऊन इतकी वर्षे झाली की कृष्णेच्या काळ्या जमिनीत पिकलेल्या सेलमला कुणी परकी मानत नाही. इथल्या मालाला २०१८ साली ‘सांगलीची हळद’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो की ही सेलमची की सांगलीची? आमच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण एक बेण्याचे नाव आहे आणि दुसरे मातीचे. तुमच्या स्टायरियन गोल्डिंगमध्ये मातीचे नाव खरे आणि बेण्याचे नाव खोटे, असा प्रकार झालेला दिसतो.

आमच्याकडे सौद्यात कोणी पोत्यावरची चिठ्ठी वाचून भाव करीत नाही. मुठीत चार हळकुंडे घेऊन एक मोडतात, खणकन आवाज येतो का ते ऐकतात, मोडलेल्या जागी गाभ्याचा रंग पाहतात, आणि मग टॉवेलखाली बोटे धरतात. हॉप्सची अशी काही हातपरीक्षा असते का, हे जाणून घ्यायला आवडेल.

तांब्याची_कढई

असते, आणि ती हळदीच्या परीक्षेइतकीच जुनी आहे. हॉपचे सुकवलेले फूल, म्हणजे पाकळ्यांचा लहानसा शंकू, मधोमध फाडला की पाकळ्यांच्या देठाशी पिवळी धमक भुकटी दिसते. तिला ल्युपुलिन म्हणतात. कडवटपणा आणि सुवास दोन्ही त्या भुकटीत असतात, बाकीचे सगळे गवत समजा. खरेदीदार मूठभर फुले तळहातांमध्ये जोराने चोळतो, तळवे चिकट होतात, आणि मग ओंजळ नाकाशी नेऊन दीर्घ श्वास घेतो. भुकटी फिकट लिंबाच्या रंगाची असेल तर माल ताजा. ती नारिंगी-तपकिरी झाली असेल आणि ओंजळीतून जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला, तर अल्फा आम्लांचे ऑक्सिडीकरण होऊन माल उतरलेला आहे, असे समजावे.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, ती जमिनीखाली बंद जागेत हवा खेळत नसल्यामुळे. हॉप्सलाही हवेचेच वैर आहे, पण त्यांना हवाबंद पाकिटाबरोबर शून्याखालची थंडीही लागते. नंदू, आपल्याकडे येणारे हॉप्स बहुधा दळून गोळ्या केलेले असतात, त्यामुळे शंकू फाडण्याची सोय नाही. पण चार गोळ्या कोमट पाण्यात विरघळवून वास घेण्याची सवय ठेवा. घाण्यात घालण्यापूर्वी तो वास घेतला असता, तर ही चर्चा आधीच झाली असती.

वाईचा_नंदू

सर्वांचे आभार. पाकीट शीतपेटीत होते, ते आज बाहेर काढून नीट वाचले. समोर ठळक अक्षरांत ‘स्टायरियन गोल्डिंग’ आहे. मागच्या बाजूला, वजन आणि पीकवर्षाच्या ओळीत, त्याहून निम्म्या आकाराच्या अक्षरांत ‘सेलेया’ असा शब्द आहे. अल्फा ३.५ टक्के. आधीच्या ईस्ट केंट गोल्डिंग्जच्या पाकिटावर ५.५ टक्के होते. हा आकडा मी वाचला होता, पण जात तीच समजून वजन तेवढेच ठेवले, ही माझी चूक मान्य करतो. सेलेया म्हणजे काय?

तांब्याची_कढई

मग लिंबाची साल सापडली, आणि माझाही अर्धा प्रतिसाद मागे घ्यावा लागतो. तुमच्या हाती आला तो गोल्डिंग नाही आणि फगलही नाही. सेलेया ही स्लोव्हेनियात पैदास केलेली नवी जात आहे. तिच्या वंशात जुना स्टायरियन गोल्डिंग, म्हणजेच फगल, आहे, म्हणून ओल्या पत्तीचा वास वारशाने आला. पण इतर जातींचे रक्तही मिसळलेले असल्याने लिंबाकडे झुकणारी छटा तिची स्वतःची आहे. अस्सल जुन्या जातीला हल्ली ‘साविन्स्की गोल्डिंग’ असे लिहिण्याची पद्धत आहे. सेलेया, बोबेक वगैरे नव्या जातींच्या पाकिटांवरही ‘स्टायरियन गोल्डिंग’ हे घराण्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले आढळते आणि जातीचे नाव कोपऱ्यात राहते. असाच घोटाळा इंग्लंडमध्येही आहे. ‘व्हिटब्रेड गोल्डिंग’ नावाची एक जात आहे, तीही खऱ्या गोल्डिंग कुळातली नव्हे.

आता कडवटपणाचे गणित पाहा, कारण तिथे जातीचा काही संबंध नाही, नुसता हिशोब आहे. ५.५ टक्के अल्फाच्या एक किलो हॉप्समध्ये ५५ ग्रॅम अल्फा आम्ले असतात. तासभराच्या उकळीत त्यांतली साधारण २७ टक्के रूप बदलून वॉर्टमध्ये (आंबण्यापूर्वीच्या माल्टच्या गोड रसात) उतरली असे धरले, तर ५०० लिटरमध्ये लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम कडवट द्रव्य येते, म्हणजे कडवटपणाचे ३० अंश. बिटरला हे अगदी योग्य आहे. ३.५ टक्क्यांच्या एक किलोमध्ये आम्ले ३५ ग्रॅमच, म्हणजे त्याच हिशोबाने कडवटपणा १९ अंशांवर आला. तुम्हाला माल्टचा गोडवा रेंगाळताना जाणवला तो यामुळे. बरोबरी साधायला एक किलोऐवजी सुमारे १.५७ किलो घालावे लागले असते. एकाच जातीचा, एकाच शेतातला हॉपसुद्धा दरवर्षी वेगळा अल्फा देतो. त्यामुळे पाककृतीत हॉपचे वजन लिहिण्यापेक्षा अल्फाचे ग्रॅम लिहावेत, असे माझे ठाम मत आहे.

सावळजचा_मळा

नंदूच्या मामांच्या प्रश्नाकडे कुणी वळले नाही, म्हणून मी लिहितो. मी स्वतः द्राक्षवाला आहे आणि हाच विचार काही वर्षांपूर्वी माझ्याही डोक्यात शिरला होता. त्या वेळी मिळेल ते वाचून काढले.

मामांचा युक्तिवाद वाटतो तितका भाबडा नाही. द्राक्षही थंड प्रदेशातलाच वेल आहे. तिकडे तो हिवाळ्यात पाने गाळून झोपतो, आपल्याकडे त्याला झोप लागतच नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो आणि काडीवर हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करून डोळे एकसारखे फोडतो. ज्या वेलीला आपण असे वर्षात दोनदा फसवू शकलो, तिच्यानंतर हॉपलाही फसवता येईल असे वाटणे साहजिक आहे. पण द्राक्षाला आपण थंडीच्या बाबतीत फसवतो, आणि हॉपची अडचण उजेडाची आहे.

हॉपचा वेल दिवसाची लांबी मोजतो. दिवस मोठा असेतोवर तो नुसता वाढतो, दोरीला वेढे घालीत पाच-सहा मीटर चढतो, आणि जूननंतर दिवस लहान होऊ लागला की फुलावर येतो. केंट ५१ अंश अक्षांशावर आहे, तिथे जूनमधला दिवस सुमारे साडेसोळा तासांचा असतो. तासगाव १७ अंशांवर आहे, इथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आतच संपतो. म्हणजे आपल्याकडे बाराही महिने त्या वेलीला असेच वाटते की दिवस लहान झाले, आता फुलायला हवे. कंबरेएवढा झाला न झाला तोच तो तुरळक फुले धरतो आणि वाढ थांबवतो. झाड जगते, हिरवे राहते, शेजारी कौतुकाने बघायला येतात, पण पीक म्हणावे असे काही हाती लागत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. पॉलिहाऊसमध्ये शेवंतीची फूल लागण लांबवायला रात्री दिवे लावतात, तेच तत्त्व इथेही चालते. दक्षिण आफ्रिकेत जॉर्ज या भागात ३४ अंशांवरही दिवस अपुरा पडत होता, म्हणून हॉपच्या शेतांत अनेक वर्षे दिवे लावले गेले, आणि पुढे तिथे कमी उजेडात निभावून नेणाऱ्या जातीच पैदास करण्यात आल्या. कडक थंडीशिवाय हॉप येतच नाही, ही जुनी समजूतही अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या संशोधनाने २०१९ साली सैल केली आहे. आपल्या देशात म्हणाल तर हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हॉपचे पीक काही दशकांपासून घेतले जाते, पण तो ३२ अंशांवरचा डोंगराळ प्रदेश आहे. तासगावात साडेतीन एकरांवर रोज रात्री तीन-चार तास दिवे जाळायचे, आणि तेही आपल्या शेतीपंपाच्या विजेच्या वेळापत्रकावर, हा हिशोब मामांनी स्वतः मांडून पाहावा.

मांडवाचीही गोष्ट आहे. आपला मांडव हात वर केला की घड हाताला लागावा अशा उंचीचा असतो. हॉपला त्याच्या तिपटीने उंच खांब लागतात. केंटमध्ये पूर्वी वरच्या तारांना दोऱ्या बांधण्यासाठी माणसे पायांना उंच काठ्या बांधून शेतात फिरत असत.

आणि रोगांच्या नावांनी फसू नये. हॉपवरही केवडा पडतो, भुरीही येते, आणि जुना गोल्डिंग दोन्हींना लवकर बळी पडतो. मामा म्हणतील की केवडा-भुरीशी लढण्यात आमचा जन्म गेला. पण द्राक्षावरच्या केवड्याची बुरशी वेगळी आणि हॉपवरची वेगळी. एकीचा प्रादुर्भाव दुसऱ्या पिकावर होत नाही, त्यामुळे द्राक्षाचे फवारणीचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलता येणार नाही.

तरीही हौस म्हणून दोन वेल लावायचे असतील तर कायदेशीर मार्गानेच लावावेत. परदेशातून येणाऱ्या कुणा नातेवाइकाला बॅगेत मुळांचा गड्डा आणायला सांगू नये, कारण रोपे आणि बेणे आयात करण्यासाठी वनस्पती संगरोधाचा परवाना बंधनकारक आहे. मिळालाच गड्डा, तर तो मादी वेलाचा आहे याची खात्री करावी. हॉपमध्ये नर आणि मादी वेल वेगळे असतात आणि बिअरला उपयोगी फूल फक्त मादीला येते. फुले आलीच तर ती नंदूला द्यावीत. घरी बिअर करून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, विनापरवाना मद्यनिर्मिती १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे.

वाईचा_नंदू

मामांना हा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. दिव्यांच्या भागापर्यंत ते ऐकत होते, विजेच्या वेळापत्रकाचा उल्लेख आला तेव्हा हसले आणि म्हणाले की विषय बंद, त्यापेक्षा बेदाण्याचे शेड वाढवतो.

माझा शेवटचा प्रश्न. सेलेयाचे दीड किलो अजून शिल्लक आहे आणि दुसऱ्या पुरवठादाराकडून ईस्ट केंट गोल्डिंग्जचा एकच किलो मिळणार आहे. या वेळी जात, मूळस्थान, पीकवर्ष आणि अल्फा या चारही गोष्टी लेखी मागवल्या आहेत. पुढचा घाणा या दोहोंत निभावता येईल का?

तांब्याची_कढई

सहज निभेल. सेलेया सगळे उकळीच्या सुरुवातीलाच घाला. तासभर उकळल्यावर तिची सुवासिक तेले वाफेबरोबर उडून जातात आणि उरतो तो मुख्यतः कडवटपणा, त्यामुळे लिंबाच्या सालीची काळजी करण्याचे कारण नाही. दीड किलोमधून तुम्हाला ५२ ग्रॅमच्या आसपास अल्फा मिळेल, म्हणजे २८ अंशांपर्यंत पोचाल. गोल्डिंग्ज जपून ठेवा. अर्धा किलो शेवटच्या दहा मिनिटांत घाला आणि उरलेल्यातले पाव किलो आंबवण पूर्ण झाल्यावर थंड टाकीत तीन-चार दिवस मुरत ठेवा. इंग्लंडमध्ये पिंपात मूठभर सुके गोल्डिंग्ज टाकून बूच ठोकण्याची जुनी रीत आहे, ती हीच. गोळ्या टाकण्यापूर्वी चार दाणे कोमट पाण्यात विरघळवून वास घ्यायला मात्र विसरू नका.